रायफलीवरचा स्वस्त लेझर आणि त्याचे बटण

दहा मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत लेझरला जागा नाही. समोर नळीच्या टोकाची माशी, मागे बारीक छिद्राची अपर्चर साइट आणि त्यामागे नेमबाजाचा डोळा, एवढ्यावरच तिथे भागवावे लागते. तरीही इंदूरमध्ये घरच्या घरी सराव करणाऱ्या मुलामुलींच्या रायफलीखाली हल्ली एखादा स्वस्त लेझर लावलेला दिसतो, आणि ठिपक्याच्या नादाने नेम बिघडतो म्हणून जुनी मंडळी नाक मुरडतात. त्यांच्या आक्षेपात तथ्य आहे. मात्र तो आक्षेप लेझरच्या चुकीच्या वापरावर आहे, लेझरवर नाही. माझी भाची नेमबाजी करते, मी आयुष्यभर मोजमापाच्या उपकरणांची दुरुस्ती केली, आणि त्यामुळे राजेंद्रनगरच्या आमच्या घरात हे लेझर तपासण्याचे आणि सुधारण्याचे काम आपसूकच माझ्याकडे आले. या कामातून माझे एक मत पक्के झाले आहे. स्वस्त लेझरमध्ये प्रकाश सहसा पुरेसा चांगला असतो. रडगाणे असते ते त्याच्या बैठकीचे आणि त्याहूनही अधिक त्याच्या बटणाचे.

सुरुवातीलाच हे स्पष्ट करतो की येथे जे काही लिहिले आहे ते ड्राय फायरसाठी, म्हणजे छर्रा न भरता केलेल्या सरावासाठी आहे. स्पर्धेच्या दाबहवेच्या रायफलींना ड्राय फायरची स्वतंत्र सोय असते. घोडा नेहमीसारखा सुटतो, पण हवा खर्च होत नाही. बाजारात मिळणाऱ्या स्प्रिंगच्या एअर रायफलीला अशी सोय नसते, आणि ती छर्ऱ्याशिवाय उडवली तर दट्ट्या समोर कशाचाही अडसर नसल्याने जाऊन आदळतो व त्याचे सील आणि स्प्रिंग दोन्ही खराब होतात. शिवाय स्प्रिंगची रायफल पुढे आणि मागे असे दोन्ही बाजूंना झटके देते, ज्यात चांगल्या दुर्बिणीही टिकत नाहीत, तर तिथे स्वस्त लेझरची काय कथा. तेव्हा स्प्रिंगच्या रायफलीचे मालक असाल, तर हा खटाटोप तुमच्यासाठी नाही.

लेझर कुठे पडावा, हा पहिला प्रश्न. बहुतेक जण तो थेट लक्ष्याच्या काळ्या वर्तुळावर आणण्याच्या मागे लागतात. भाचीच्या प्रशिक्षकांनी मात्र पहिल्याच भेटीत सांगितले, “काका, ठिपका तिला दिसताच कामा नये.” ते का, हे नंतर घरातल्या सरावाच्या बोळात उभे राहून पाहिल्यावर माझ्या लक्षात आले. अपर्चरमधून लाल ठिपका दिसू लागला की डोळा माशी सोडून ठिपक्याच्या मागे धावतो, मग हात ठिपक्याला वळवू पाहतो, आणि जी शांत पकड शिकायची तीच हातची जाते. म्हणून आम्ही ठिपका मुद्दाम लक्ष्याच्या दोन हात डावीकडे, भिंतीवर चिकटवलेल्या मिलिमीटरच्या आलेख कागदावर पाडतो. कागदाजवळ तिपाईवर मोबाइल ठेवून ठिपक्याची हालचाल टिपली जाते. नेमबाजाने फक्त लक्ष्य पाहायचे. ठिपका नंतर, पडद्यावर पाहायचा.

या एका निर्णयाने स्वस्त लेझरची अर्धी अडचण दूर होते. लक्ष्याच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास केवळ ०.५ मिमी असतो, आणि इतक्या बारीक ठिकाणी नेमका बसेल असा लेझर कमी किमतीत मिळणे शक्य नाही. आपल्याला मात्र ठिपका नेमका कुठे आहे हे नको असून तो किती आणि कोणत्या दिशेने हलला एवढेच हवे आहे. नळी दहा हजारांत एक एवढ्या प्रमाणात वळली, की दहा मीटरवर ठिपका एक मिमी सरकतो. लेझर नळीच्या चार बोटे खाली असला तरी या हिशेबात फरक पडत नाही. लेझर आपल्या जागी घट्ट राहिला पाहिजे, आणि तो चालू-बंद करताना रायफल हलता कामा नये, या दोनच अटी उरतात.

खरेदीच्या वेळी पहिला मोह हिरव्या रंगाचा होतो. जेल रोडवर एका दुकानदाराने मला लाल लेझरांचा ढीग दाखवून “भिया, लाल में सब एक ही है, हरा ले जाओ” असा सल्ला दिला होता. त्यातला पहिला भाग बराच खरा आहे. स्वस्त लाल लेझर बहुधा ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचे असतात. ६३५ नॅनोमीटरचा मिळाला तर तेवढ्याच शक्तीत तो सुमारे दुप्पट उजळ भासतो, कारण आपली नजर ५५५ नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत तीक्ष्ण असते आणि लालच्या टोकाकडे झपाट्याने मंदावते. हिरवा ५३२ नॅनोमीटरचा म्हणून आणखी कितीतरी उजळ दिसतो, हेही खरे. घरातल्या बोळात त्या उजेडाचा उपयोग मात्र काहीच नाही.

उपयोग नाही इतकेच असते तर चालले असते. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश थेट डायोडमधून येत नाही. आत ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त डायोड एका स्फटिकाला चेतवतो, त्यातून १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश निघतो आणि दुसरा स्फटिक त्याची तरंगलांबी अर्धी करतो. उरलेला अवरक्त प्रकाश अडवण्यासाठी पुढे एक गाळणी लागते, आणि किंमत कमी करताना सर्वांत आधी ही गाळणीच वगळली जाते. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये असाच एक स्वस्त हिरवा पॉइंटर तपासला, तेव्हा त्यातून सुमारे २० मिलिवॅट अवरक्त प्रकाश बाहेर पडत असल्याचे आढळले होते. हा प्रकाश दिसत नाही, त्यामुळे पापणीही मिटत नाही. लहान मुलांच्या घरात असली वस्तू मी आणणार नाही. ज्यांना आणायचीच असेल त्यांनी थेट हिरवा प्रकाश देणारा ५२० नॅनोमीटरचा डायोड पाहावा. आम्ही लालच घेतला, आणि तोही १ मिलिवॅटहून कमी, म्हणजे लेझर-सुरक्षेच्या वर्गवारीत वर्ग २ चा. लेबलावरच्या आकड्यावर फार विसंबू नये, हे वेगळे सांगायला नको.

ठिपक्याच्या आकाराबद्दल एक उपाय फार प्रचलित आहे, त्याचा येथेच समाचार घेतो. दहा मीटरवर स्वस्त लेझरचा ठिपका थोडा लांबट आणि पसरट दिसतो. तो लहान करण्यासाठी काचेवर काळी चिकटपट्टी लावून तिला टाचणीने भोक पाडा, असे अनेक जण सांगतात. भोक १ मिमीचे असेल तर विवर्तनामुळे, म्हणजे बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे, दहा मीटरवर ठिपक्याचा मधला भाग सुमारे १६ मिमी रुंद होतो, म्हणजे होता त्याहून वाईट. भोक ३ मिमीचे ठेवले तर तोच आकडा ५ मिमीच्या थोडा पुढे येतो. म्हणजे छिद्र जितके बारीक तितका ठिपका मोठा, आणि टाचणीची मात्रा येथे उलटी पडते. त्यापेक्षा पुढचे भिंग फिरवून ठिपका दहा मीटरवर जुळवून घ्यावा आणि भिंगाच्या आट्यांवर नेलपॉलिशचा एक थेंब सोडावा. ठिपका पाच-सहा मिमीचा असला तरी त्याचा मध्य आलेख कागदावर मिलिमीटरच्या आसपास सहज ओळखता येतो.

आता बैठकीकडे वळतो. लेझर रायफलीला लावण्याआधी मी तो लोखंडी अँगलच्या खाचेत आडवा ठेवतो आणि जागच्या जागी हळूहळू फिरवतो. किरण नळकांड्याच्या अक्षाशी समांतर असेल तर भिंतीवरचा ठिपका जागचा हलत नाही. नसेल तर तो एक वर्तुळ काढतो. दहा मीटरवर त्या वर्तुळाचा व्यास २०० मिमी भरला, तर किरण अक्षापासून सुमारे अर्धा अंश कलला आहे असे समजावे. अर्ध्या अंशाचा कल आमच्या कामात मुळीच आड येत नाही. मी पाहतो ते वेगळेच: पूर्ण फेरा झाल्यावर ठिपका सुरुवातीच्याच खुणेवर परत येतो का? येत नसेल, तर आतला पितळी गाभा नळकांड्यात सैल आहे, आणि तो रायफलीवर प्रत्येक हालचालीसरशी थोडा थोडा सरकत राहणार.

हा गाभा बहुधा पुढे एका रबरी कड्यावर टेकलेला असतो आणि मागे तीन-चार बारीक स्क्रूंनी दाबून धरलेला असतो. या स्क्रूंकडून नाजूक जुळवणीची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. साध्या ३ मिमी स्क्रूचा आटा अर्ध्या मिमीचा असतो. रबरी कडे आणि स्क्रू यांत ४० मिमी अंतर असेल, तर स्क्रूच्या एका पूर्ण फेऱ्याने दहा मीटरवर ठिपका १२५ मिमी सरकतो. आठव्या हिश्शाचा फेरा म्हणजेही १५ मिमीहून जास्त. म्हणून ठिपका कागदावर कुठेतरी आणून ठेवायचा, स्क्रू एकमेकांविरुद्ध सारखे आवळायचे, आट्यांत कमी ताकदीचा थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा चिकट द्रव) सोडायचा आणि पुन्हा त्यांना हात लावायचा नाही. गाभ्याभोवती उरलेल्या मोकळ्या जागेत मी उष्णतेने आकसणाऱ्या नळीचे एक-दोन थर चढवतो, त्याने डुगडुग जवळजवळ संपते.

स्वस्त लेझरबरोबर येणारी पकड बहुधा २१ मिमीच्या रुंद पट्टीसाठी असते, आणि एअर रायफलीवर मात्र ११ मिमीची, तिरक्या कडांची डव्हटेल खाच असते. मधे बसवायचा जोड मिळतो, पण दोन पकडी एकावर एक आल्या की सैलपणाही दुप्पट होतो. एकाच पकडीत थेट ११ मिमीवर बसणारी बैठक शोधावी. ती नाही मिळाली तर सियागंजच्या हार्डवेअरच्या दुकानांतून ॲल्युमिनियमचा तुकडा आणून एखाद्या लेथवाल्याकडून करून घ्यावी. नळीच्या टोकाला लेझर लटकवू नये. थोडेसेच वजन, पण तोंडाशी गेले की रायफलीचा तोल बदलतो आणि मुलगी भलत्याच रायफलीचा सराव करत राहते.

विजेच्या बाबतीत स्वस्त लेझरची रचना अगदी साधी असते: तीन बटण सेल, एक रोध आणि डायोड. डायोडवर साधारण २.२ व्होल्ट पडतात. सेल ताजे असताना ४.५ व्होल्ट मिळतात आणि ७७ ओहमच्या रोधातून ३० मिलिॲम्पिअर प्रवाह वाहतो. सेल उतरून ३.६ व्होल्टवर आले की तोच प्रवाह १८ मिलिॲम्पिअर होतो, आणि असे डायोड बहुधा वीसच्या आसपासच लेझर म्हणून पेटतात. त्याखाली नुसती लालसर धुगधुगी उरते. म्हणजे सेल अजून बरेच शिल्लक असताना लेझर मेल्यासारखा वाटतो. त्यात उन्हाळ्याची भर पडते, कारण तापमान वाढले की डायोडला पेटण्यासाठी अधिक प्रवाह लागतो. इंदूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी ठिपका फिका पडला तर सेल बदलण्याआधी लेझर थोडा गार होऊ द्यावा. प्रवाह स्वतः सांभाळणारे सर्किट असलेला लेझर थोडा महाग पडतो, आणि एवढ्या एका गोष्टीसाठी जास्त पैसे मोजायला माझी हरकत नसते. एक धोका मात्र लक्षात ठेवावा. ३ व्होल्टच्या सीआर१२३ए सेलच्याच आकाराचा १६३४० नावाचा चार्जिंगचा सेल मिळतो. तो पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट देतो, आणि ३ व्होल्टसाठी बांधलेला लेझर त्यावर पहिल्याच दिवशी जळू शकतो.

बटणाबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण बहुतेक मंडळी त्याकडे पाहतच नाहीत. स्वस्त लेझरबरोबर दोन प्रकारची बटणे येतात. एक म्हणजे टोपणाच्या मागचे टिकटिक बटण, जे दाबले की चालू राहते. दुसरे म्हणजे वायरच्या टोकाला असलेली रबरी पट्टी, जी दाबून धरली तरच लेझर पेटतो. पाकिटावर दुसऱ्या प्रकाराची जाहिरात मोठ्या अक्षरांत असते. सरावासाठी मात्र ती पट्टी मुळातच अयोग्य आहे. उभ्याने नेम धरताना आधाराचा हात रायफल पेलतो, पण ती आवळत नाही. कोपर कंबरेवर टेकलेले, मनगट सरळ आणि बोटे निवांत असतात. त्या हाताने पट्टी दाबायला सांगणे म्हणजे जो स्नायू सैल सोडायला महिनोन्महिने शिकवले, तोच पुन्हा ताठ करायला लावणे. आलेख कागदावर हे उघड दिसते: पट्टी दाबताच ठिपका एका बाजूला झेप घेतो आणि परत येताना थरथरतो.

ती पट्टी एकदा कात्रीने उघडून पाहिली. वरून लांबलचक रबर, आत मात्र रिमोटमध्ये असते तसले एकच छोटे टॅक्ट बटण, तेही पट्टीच्या मधोमध. कडेला दाबले तर काहीच होत नाही आणि मध्यावर दाबले तर टक असा आवाज करून बोटाला धक्का देते. वायरीतले तांबे केसासारखे बारीक, आणि ती टोपणात शिरते तिथे ना गाठ, ना आधार. सगळा ताण झाळाच्या एका थेंबावर. अशी वायर तुटते ती नेमकी त्या जागी, आणि बहुधा आवरणाच्या आत, त्यामुळे बाहेरून सगळे ठाकठीक दिसते पण ठिपका लुकलुकत राहतो. लेझर बिघडला म्हणून फेकून दिलेल्या अनेक वस्तूंचा खरा आजार एवढाच असतो. सिलिकॉन आवरणाची मऊ वायर लावावी, टोपणाच्या आत तिला एक गाठ मारावी, बाहेर दोन इंच आकसती नळी चढवावी, आणि वायर रायफलीच्या दस्त्याला इतकी सैल बांधावी की ती कुठेही ताणली जाणार नाही.

ज्यांना दाबपट्टी हवीच असेल, उदाहरणार्थ पाटावर टेकून रायफल तपासताना, त्यांनी लेझरचा प्रवाह पट्टीतून नेऊ नये. जुन्या संपर्कांचा रोध दाबाप्रमाणे बदलतो, आणि रोध बदलला की उजेडही बदलतो. मध्ये एक छोटा मॉसफेट, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच, टाकला की पट्टीला केवळ इशारा द्यायचे काम उरते. दुकानात मॉसफेट मागितला की हमखास आयआरएफझेड४४एन हातात पडतो, पण त्याला पूर्ण उघडण्यासाठी १० व्होल्ट लागतात आणि आपल्याकडे तीन-चारच आहेत. एओ३४०० सारखा अडीच व्होल्टवरही नीट उघडणारा घ्यावा. आकाराने तो तांदळाच्या दाण्याहूनही लहान असतो, तेव्हा डोळ्यांना भिंग लावूनच झाळकाम करावे. त्याचे गेट (इशारा घेणारे टोक) आणि ऋण टोक यांच्यामध्ये १०० किलोओहमचा रोध विसरू नये, नाहीतर बोट काढल्यावरही लेझर मनाला येईल तेव्हा विझतो.

सरावासाठी आम्ही ठरवलेली रचना याहून वेगळी आहे. लेझर पवित्रा घेण्यापूर्वीच साध्या सरकत्या बटणाने चालू करायचा आणि रायफल खाली ठेवल्यावरच बंद करायचा; नेमाच्या वेळी कुणीही कशालाही हात लावायचा नाही. मग घोडा सुटला तो क्षण चित्रफितीत ओळखायचा कसा, हा प्रश्न राहतो. बाजारात मिळणारी सराव-साधने घोड्याच्या आवाजासरशी लेझर क्षणभर पेटवतात. त्याने गोळी कुठे गेली असती हे कळते, पण त्याआधीचे आणि नंतरचे काहीच दिसत नाही. म्हणून मी उलटे केले: लेझर सतत पेटलेला, आणि घोडा सुटताच तो एक दशांश सेकंद विझतो.

त्यासाठी घोड्याच्या बाजूला, दस्त्याच्या आत, बझरमधली २७ मिमीची पिझो चकती, जी धक्का बसला की वीज देते, दुहेरी चिकटपट्टीने लावली. तिचा इशारा ५५५ या वेळ मोजणाऱ्या आयसीला जातो. १० किलोओहम आणि १० मायक्रोफॅरड जोडले की त्याचा स्पंद ०.११ सेकंदांचा येतो, आणि तेवढा वेळ एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर मॉसफेटचे गेट खाली ओढून लेझर विझवतो. साधा एनई५५५ साडेचार व्होल्टखाली भरवशाचा राहत नाही, त्यामुळे दोन व्होल्टपर्यंत चालणारा टीएलसी५५५ वापरला. स्पर्धेच्या रायफलीचा घोडा फार हळुवार असल्याने चकतीची संवेदनशीलता एका प्रीसेटने, म्हणजे पेचकसाने फिरवायच्या बदलत्या रोधाने, जुळवावी लागते. जास्त ठेवली तर गाल दस्त्याला टेकवतानाच लेझर डोळा मिटतो. सेकंदाला ६० चौकटी टिपणाऱ्या मोबाइलवर हा खंड सहा-सात चौकटींचा दिसतो, आणि चित्रफीत हळू चालवली की नेमाचा सगळा प्रवास उलगडतो. ठिपका कसा स्थिरावत आला, कुठे असताना विझला आणि पुन्हा पेटला तेव्हा कुठे होता, हे सर्व एका कागदावर पेन्सिलीने उतरवता येते.

भाचीच्या बाबतीत यातून जे दिसले ते तिच्या प्रशिक्षकांना आधीच ठाऊक होते, तिला मात्र पटत नव्हते. विझण्याआधी ठिपका छान स्थिर असे; पेटल्यावर तो दर वेळी खाली घसरलेला आढळे. म्हणजे घोडा सुटला की ती रायफल सोडून देत होती. छर्रा सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने जातो, तेव्हा तो नळीतून बाहेर पडेपर्यंतची काही हजारांश सेकंदांची पकड महत्त्वाची असते, आणि उतावीळपणा याच फटीत घुसतो. “मामा, हे मी करते?” एवढेच ती म्हणाली, आणि त्यानंतर फॉलो थ्रू वर, म्हणजे घोडा सुटल्यावरही पकड टिकवण्यावर, कुणाला तिला सांगावे लागले नाही.

सावधगिरीचे थोडे. बोळाच्या दोन्ही टोकांना कुणी येणार नाही अशी व्यवस्था करावी, आणि भिंतीवर काच, आरसा किंवा चकचकीत फरशी ठिपक्याच्या वाटेत येऊ देऊ नये. गच्चीवर सराव करणाऱ्यांनी लेझर क्षितिजाच्या वर कधीही जाऊ देऊ नये. शहराच्या पश्चिमेला विमानतळ आहे, आणि खाली येणाऱ्या विमानाच्या काचेवर पडलेला ठिपका वैमानिकाचे डोळे क्षणभर दिपवू शकतो. सरकत्या बटणाखेरीज सेलच्या वाटेत मी आणखी एक छोटी काढघालीची पिन ठेवली आहे. सराव संपला की पिन उपसून ती छर्ऱ्यांच्या डब्यात टाकायची आणि डबा कपाटात कुलूपबंद करायचा. त्यामुळे पिनेसाठी डबा उघडला की तो परत कपाटात गेल्याशिवाय रायफलीला हात लावायचा नाही, असा दंडक आमच्या घरात आहे.